निरोप पोचल्यावर

ओटो लोवी यांच्या स्वप्नाची गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात औषधशास्त्राचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ ईस्टरच्या सुमारास एका रात्री जागे झाले, हाताला लागलेल्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि परत झोपले. सकाळी पाहतात तर स्वतःचंच अक्षर लागेना. दिवसभर डोकं खाजवलं, काही आठवेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा सुचली. या खेपेला कागदावर भरवसा न ठेवता ते उठले, तडक प्रयोगशाळेत गेले आणि बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून मोकळे झाले. मज्जातंतू हृदयाशी कसे बोलतात हे त्या प्रयोगाने कळलं आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळालं. लोवी ही हकिकत रंगवून सांगत आणि दर वेळी तपशील थोडे इकडचे तिकडे होत. शोधनिबंध 1921 साली छापून आला, एवढं मात्र पक्कं.

गोष्ट सुरेख आहे, पण तिच्यामुळे एक अन्याय झाला. स्वप्नातल्या शोधाची इतकी वाहवा झाली की याच माणसाने 1926 मध्ये, पूर्ण जागेपणी, एका सहकाऱ्याबरोबर लावलेला दुसरा शोध मागच्या बाकावर गेला. मज्जातंतूचा निरोप रसायनाच्या रूपाने पोचतो, हा पहिला शोध. पोचलेला निरोप तिथल्या तिथे पुसून टाकणारी व्यवस्थाही शरीरात असते, हा दुसरा. शरीराचा तोल कसा टिकतो हे समजून घ्यायचं तर माझ्या मते दुसरा शोध अधिक मोलाचा आहे. स्नायूंच्या एका दुर्धर आजारावरचं औषध, दुसऱ्या महायुद्धातले विषारी वायू आणि विदर्भातल्या कपाशीवरची फवारणी, हे सगळं त्या दुसऱ्या शोधाच्याच वाटेवर लागतं.

ती वाट सुरू होते पॅरिसमध्ये. क्लोद बेर्नार हे बोजोले भागातल्या द्राक्षमळेकऱ्याचे चिरंजीव. लिओं शहरात औषधांच्या दुकानात उमेदवारी करता करता नाटकं लिहायचे. 1834 मध्ये एक ऐतिहासिक शोकांतिका काखोटीला मारून त्यांनी पॅरिस गाठलं. तिथल्या एका बड्या समीक्षकाने ती वाचली आणि पोटापाण्यासाठी वैद्यक शिकायचा सल्ला दिला. समीक्षकांनी जगावर केलेल्या उपकारांची यादी लहान असते, त्यात याची नोंद व्हायला हरकत नाही.

बेर्नारांनी जनावराला नुसत्या मांसावर ठेवलं, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. म्हणजे खाण्यात साखर नसली तरी शरीर ती स्वतः करून रक्तात सोडत होतं. सशाच्या मानेतला एक मज्जातंतू त्यांनी कापला तर त्या बाजूचा कान गरम झाला, त्यातल्या रक्तवाहिन्या फुगल्या. त्या वाहिन्या आवळून धरण्याचं काम तो तंतू रात्रंदिवस करत होता, हे तो कापल्यावर कळलं. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांवरचं क्युरारे नावाचं विष देऊन त्यांनी बेडूक तपासले. विष भिनलेल्या बेडकाचा स्नायू थेट विजेचा झटका दिला की आकसायचा, मज्जातंतूही शाबूत होता, पण तंतूला झटका दिला तर स्नायू ढिम्म. दोघे जिवंत आणि दोघांमधला व्यवहार बंद. बिघाड जिथे तंतू संपतो आणि स्नायू सुरू होतो त्या सांध्यात होता. तिथे नेमकं काय घडतं हे बेर्नारांना सांगता आलं नाही. बोट मात्र त्यांनी अचूक जागेवर ठेवलं.

या सगळ्यातून त्यांचा एक विचार पक्का होत गेला. प्राणी हवेत किंवा पाण्यात राहतो हे अर्धंच खरं. त्याच्या पेशी राहतात त्या रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात. बाहेरचं जग तापो की गोठो, आतलं हे जग बदलू न देणं हीच मोकळेपणाने जगण्याची अट आहे. 1878 मध्ये बेर्नार वारले तेव्हा फ्रान्सने त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला. तिथे शास्त्रज्ञाच्या वाट्याला असा मान येण्याची ती पहिलीच वेळ.

पुढचा मुक्काम केंब्रिज. हृदय, आतडी, घर्मग्रंथी, रक्तवाहिन्या यांच्याकडे जाणाऱ्या तंतूंचं सगळं जाळं जॉन लँगली यांनी वर्षानुवर्षं खपून उलगडलं. आपल्या इच्छेला न विचारता चालणारी ही स्वायत्त मज्जासंस्था. तिचे दोन मोठे गट. सिम्पथेटिक तंतू हृदय धावतं करतात आणि कातडीतल्या व आतड्यांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. पॅरासिम्पथेटिक तंतू हृदय सावकाश करतात आणि पचन चालतं ठेवतात. मेंदूच्या बुडापासून निघून मान, छाती, पोट असा लांबवर उतरणारा व्हेगस हा या दुसऱ्या गटातला सर्वांत मोठा तंतू. 1904 मध्ये टॉमस एलियट या तरुण संशोधकाने एक धाडसी अंदाज मांडला: सिम्पथेटिक तंतूंतून आवेग आला की टोकाशी ॲड्रेनलिन तर सुटत नसेल? लँगली पुराव्याशिवाय एक पाऊल पुढे न टाकणारे. विद्यार्थ्याच्या कल्पनेला त्यांनी उठाव दिला नाही, आणि एलियटनेही ती पुढे लावून धरली नाही. मज्जातंतूतून वीज जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग टोकापासून पुढच्या पेशीतही तीच उडी मारून जात असणार, असं बहुतेक जण धरून चालले.

एलियटचे स्नेही हेन्री डेल त्या वेळी लंडनजवळ वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. राय या धान्यावर पडणाऱ्या अरगट नावाच्या बुरशीत औषधी द्रव्यं कोणती, ते शोधायचं काम मालकांनी त्यांना दिलेलं. त्या बुरशीच्या एका अर्कात हृदय मंद करणारं काहीतरी सापडलं. डेल यांच्या सहकाऱ्याने ते वेगळं काढलं: ॲसिटिलकोलिन. 1914 च्या निबंधात डेल यांनी त्याचे परिणाम नोंदवले, ते पॅरासिम्पथेटिक तंतूंच्या परिणामांशी थक्क व्हावं इतके जुळत होते. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. परिणाम होतो जोरदार, पण टिकतो अगदी थोडा वेळ. रक्तातलं एखादं एन्झाइम हे द्रव्य तोडून टाकत असावं. आज मागे वळून पाहताना याची गंमत वाटते. ॲसिटिलकोलिन जनावरांच्या शरीरात असतं की नाही हे ठाऊक नव्हतं, ते मज्जातंतूचा निरोप नेतं हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, पण ते पुसणारं कोणीतरी आहे हा अंदाज आधीच कागदावर आला होता. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं.

युद्धानंतरच्या ग्राट्समध्ये लोवींनी जे केलं ते इतकं साधं होतं की महाविद्यालयातल्या मुलांनाही जमावं. बेडकाचं हृदय शरीराबाहेर क्षारांच्या पाण्यात बराच वेळ धडधडत राहतं. लोवींनी अशी दोन हृदयं घेतली, एकाचा व्हेगस तंतू जोडलेला ठेवला, दुसऱ्याचा काढून टाकला. पहिल्याच्या व्हेगसला काही मिनिटं विजेने चेतवलं तसं ते मंदावलं. मग त्या हृदयातलं पाणी काढून दुसऱ्यात घातलं. ज्याला कोणी हातही लावला नव्हता ते दुसरं हृदय मंदावलं. हृदयाचा वेग वाढवणारा तंतू चेतवून तेच केलं तर दुसरंही वेगात धावू लागलं. तंतूच्या टोकाशी काहीतरी सुटत होतं, ते पाण्यात उतरत होतं आणि तंतू नसतानाही तंतूचं काम करत होतं. लोवींनी त्याला ‘व्हेगसचं द्रव्य’ एवढंच म्हटलं. हे बहुधा ॲसिटिलकोलिनच, अशी शंका असूनही खात्री होईपर्यंत ते नाव घ्यायचं त्यांनी टाळलं.

नशिबानेही हात दिला. बेडकाच्या व्हेगसमध्ये वेग घटवणारे आणि वाढवणारे असे दोन्ही तंतू मिसळलेले असतात, आणि हिवाळ्यात घटवणाऱ्यांचा जोर असतो. शिवाय थंडीत एन्झाइमं सुस्तावतात, त्यामुळे सुटलेलं द्रव्य दुसऱ्या हृदयात पोचेपर्यंत टिकलं. हाच प्रयोग उन्हाळ्यात, किंवा एखाद्या सस्तन प्राण्यावर केला असता तर हाती काही लागलं नसतं. इतरांनी करून पाहिला तेव्हा अनेकांच्या हाती खरंच काही लागलं नाही. बर्नचे लेऑन आशर यांच्यासारख्या मातब्बरांनी उघड शंका घेतल्या. अखेर 1926 मध्ये स्टॉकहोमला शरीरशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली, तिथे लोवींनी जमलेल्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोग करून दाखवला, एकदा नव्हे, अठरा वेळा. शंकेखोरांचा आवाज खाली आला.

दुसरा शोध त्याच वर्षीचा. एमिल नाव्रातिल यांच्यासोबत काम करताना लोवींना दिसलं की हृदयाच्या ऊतींचा अर्क व्हेगसच्या द्रव्यात मिसळला की ते नाहीसं होतं, आणि ॲसिटिलकोलिनचीही तीच गत होते. दोघांनाही तोच पुसतो. अर्क गरम केला की त्याची ही ताकद जाते, म्हणजे हे एन्झाइमचंच काम. आणि एसरीन नावाचं द्रव्य आधी घातलं तर पुसणं थांबतं. व्हेगसचा परिणाम कितीतरी जास्त वेळ टिकतो.

एसरीनचा इतिहास थोडा थांबून सांगण्यासारखा आहे. आजच्या नायजेरियातल्या कालाबारच्या किनाऱ्यावर एक वेल उगवते, तिच्या एसरीन असलेल्या बिया तिथल्या एफिक लोकांत न्यायनिवाड्यासाठी वापरत. आरोपीला बिया खायला द्यायच्या. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. एडिनबरोचे विषतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी 1855 मध्ये कुतूहलापोटी एका बीचा तुकडा स्वतःच खाल्ला. जीव घाबरा झाल्यावर दाढीच्या साबणाचं पाणी घटाघट पिऊन त्यांनी ओकारी काढली, म्हणून वाचले. नेत्रवैद्य पुढे हेच द्रव्य बाहुली आकसायला वापरू लागले. ते नेमकं करतं काय, हे मात्र सत्तर वर्षांनी ग्राट्समध्ये समजलं: ते स्वतः कुठलाही निरोप देत नाही, पुसणाऱ्याचे हात बांधतं.

1926 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी बेर्नारांनी सांगितलेल्या आतल्या स्थैर्याला होमिओस्टॅसिस हे नाव त्याच वर्षी दिलं, फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांच्या गौरवग्रंथातल्या एका लेखात. कॅनन विद्यार्थी असताना क्ष-किरण नुकतेच सापडले होते. त्यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन पोटाच्या हालचाली पाहायला सुरुवात केली. मांजर चिडलं, घाबरलं की पोटाची हालचाल बंद! बघणाऱ्याला हा व्यत्यय वाटावा, कॅनन यांनी त्याच्यामागेच आयुष्य घातलं. भीती आणि राग यांत ॲड्रेनलिन कसं सुटतं, साखर कशी वाढते, रक्त स्नायूंकडे कसं वळतं, हे त्यांनी दाखवलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जाऊन जखमी सैनिकांचा रक्तदाब का कोसळतो ते तपासलं. नंतर त्यांनी मांजरांची संपूर्ण सिम्पथेटिक साखळी काढून टाकली. उबदार, शांत प्रयोगशाळेत ही मांजरं मजेत जगली. थंडीत ठेवली की मात्र अंगावरचे केस उभे राहीनात, ऊब टिकेना. बेर्नारांनी ज्या स्थैर्याची कल्पना केली होती ते आपोआप मिळणारं नाही, सतत कमवावं लागतं, याचा पुरावा त्या मांजरांनी दिला. (तरुणपणी क्ष-किरणांसमोर उघड्या हातांनी केलेल्या कामाने कॅनन यांच्या कातडीचा घात केला; 1945 मध्ये ते वारले, त्या दुखण्याचं मूळही तिथेच असावं असं त्यांना वाटत होतं.)

आता निरोप पुसणं आणि शरीराचं स्थैर्य हे दोन धागे एकत्र आणू. तुम्ही अंथरुणातून उठून उभे राहता तेव्हा अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमध्ये दाब मोजणाऱ्या पेशी आहेत, त्यांना ही घट तत्काळ कळते आणि मेंदूच्या बुडाशी वर्दी जाते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सत्तरच्या आसपास पडतं, पण ती त्याची स्वतःची चाल नव्हे. एकटं सोडलं तर ते शंभराच्या आसपास धावेल; व्हेगस त्याला एकसारखं आवरून धरत असतो. दाब घटला की व्हेगस हात सैल करतो आणि हृदय पुढच्याच ठोक्यांत वेग घेतं. सिम्पथेटिक तंतू पाठोपाठ येतात, त्यांना काही सेकंद लागतात. भोवळ यायच्या आत हिशेब जुळलेला असतो.

हे इतक्या झटपट होतं कारण व्हेगसचा मागचा निरोप शिल्लकच राहत नाही. एन्झाइमचा एकेक रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. निरोप रेंगाळला असता तर व्हेगसने हात सैल करून काय उपयोग होता? हृदय जुनाच हुकूम पाळत बसलं असतं आणि आपण पलंगाशेजारी कोसळलो असतो. सिम्पथेटिक बाजूला रसायन वेगळं, पुसायची रीतही वेगळी. तिथे सुटलेलं द्रव्य मुख्यतः तंतूच परत ओढून घेतो, आणि ॲड्रेनलिन रक्तात फिरत राहतं ते वेगळंच. भीतीचं कारण टळल्यावरही छाती बराच वेळ धडधडत राहते ती यामुळे. स्थैर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी न हलणारं येतं. शरीरातलं स्थैर्य म्हणजे क्षणोक्षणी दिलेल्या आणि क्षणोक्षणी खोडलेल्या हुकमांची बेरीज.

पुढची काही वर्षं लंडनची. डेल यांनी 1929 मध्ये घोड्याच्या आणि बैलाच्या प्लीहेतून ॲसिटिलकोलिन काढून दाखवलं. ते शरीरातलंच आहे यात शंका उरली नाही. पण हृदयाव्यतिरिक्त इतर ठिकाणी तंतूंच्या टोकाशी सुटणारी त्याची मात्रा इतकी कमी आणि इतकी क्षणभंगुर की मोजायची कशी? उत्तर बर्लिनहून आलं, तेही हिटलरच्या कृपेने. विल्हेल्म फेल्डबर्ग हे ज्यू संशोधक. 1933 च्या एप्रिलमध्ये त्यांची नोकरी गेली आणि डेल यांनी त्यांना लंडनला बोलावून घेतलं. येताना त्यांनी एक युक्ती आणली: एसरीनमध्ये भिजवलेला जळूचा स्नायू. पुसणाऱ्याचे हात बांधलेले असल्याने हा स्नायू ॲसिटिलकोलिनच्या अत्यल्प मात्रेनेही आकसतो. या जळवांच्या जोरावर डेल, फेल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांत दाखवून दिलं की हातापायांच्या स्नायूंनाही हेच रसायन निरोप देतं. बेर्नारांनी बोट ठेवलेल्या सांध्याचं कोडं सुटलं. क्युरारे तिथला निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नव्हतं.

त्याच सुमारास लंडनच्या ग्रिनिचमधल्या एका रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर मायस्थेनियाचे रुग्ण पाहत होत्या. या आजारात पापण्या पडतात, घास गिळवत नाही, हात उचलत नाही. ही लक्षणं क्युरारेच्या विषबाधेसारखी दिसतात, हे त्यांनी हेरलं. मग क्युरारेवरचा उतारा इथे का चालू नये? 1934 मध्ये त्यांनी एसरीन, म्हणजे फायसोस्टिग्मिन, टोचून पाहिलं. पडलेली पापणी काही वेळातच उघडली. निरोप क्षीण असेल तर तो जरा उशिरा पुसला जावा, एवढंच त्या औषधाने केलं. कोणत्याही मोठ्या संस्थेचं पाठबळ नसलेल्या या बाईंचं नाव पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकतात, लोवींच्या स्वप्नाला मात्र पानभर जागा मिळते.

10 डिसेंबर 1936 रोजी स्टॉकहोममध्ये लोवी आणि डेल यांनी नोबेल पारितोषिक विभागून स्वीकारलं. तेरा दिवसांनी, 23 डिसेंबरला, जर्मनीतल्या लेव्हरकुझेन इथे आय. जी. फार्बेन कंपनीचे रसायनतज्ज्ञ गेरहार्ड श्राडर यांनी एक नवं द्रव्य तयार केलं. पिकांवरचा मावा मारणारं औषध ते शोधत होते. मावा तर अत्यल्प मात्रेने मेलाच. जानेवारीत श्राडर आणि त्यांचा सहायक यांना त्याचा जरासा संसर्ग झाला: बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, नजर अंधारली, श्वास कोंडला. सावरायला काही आठवडे गेले. जर्मन कायद्याप्रमाणे असे शोध लष्कराला कळवणं बंधनकारक होतं. लष्कराने त्याचा ताबा घेतला, नाव पडलं टाबून. पाठोपाठ सारिन आलं. ही विषं कोलिनएस्टरेजला, म्हणजे लोवींच्या त्या पुसणाऱ्या एन्झाइमला, जखडतात हे जर्मन शास्त्रज्ञांना लवकरच उमगलं. फरक इतकाच की एसरीनची पकड काही तासांत सुटते, यांची जवळजवळ कायमची. सायलेशियात डायहेर्नफुर्टला छळछावणीतल्या कैद्यांना जुंपून युद्धकाळात सुमारे 12,000 टन टाबून बनवलं गेलं. ते रणांगणावर वापरलं गेलं नाही. दोस्तांकडेही ते असणार या धास्तीने असेल. त्यांच्याकडे ते नव्हतं.

लोवींच्या वाट्याला याच राजवटीची दुसरी बाजू आली. मार्च 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला त्याच रात्री हत्यारबंद तरुण त्यांच्या शयनगृहात घुसले आणि चौसष्ट वर्षांच्या या ज्यू प्राध्यापकाला तुरुंगात नेलं. धाकटे दोन मुलगेही गजांआड गेले. मारलं जाणार या खात्रीने लोवींनी पहारेकऱ्याची मनधरणी करून एक पोस्टकार्ड मिळवलं आणि ताज्या प्रयोगांचे निष्कर्ष त्यावर लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवले. जीव जाईल, निष्कर्ष जाऊ नयेत. नोबेलची रक्कम स्टॉकहोमच्या बँकेतून नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळवायला लावूनच त्यांना देश सोडू दिला. ब्रसेल्स, ऑक्सफर्ड असं करत 1940 मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. बंदरावर वैद्यकीय दाखला त्यांनी चोरून वाचला, त्यावर वार्धक्यामुळे कमाई करण्यास असमर्थ अशा अर्थाचा शेरा होता. अधिकाऱ्याने तो मनावर घेतला नाही. लोवी पुढे आणखी एकवीस वर्षं जगले, शिकवत राहिले, स्वप्नाची गोष्ट सांगत राहिले.

वीज की रसायन हा वाद मेंदूपुरता अजून धगधगत होता. विजेच्या पक्षाचे म्होरके जॉन एकल्स यांनी 1951 मध्ये न्यूझीलंडमध्ये, स्वतःच्याच प्रयोगाने, स्वतःचा पक्ष हरवला आणि पराभव मोकळेपणाने कबूल केला. शास्त्रात असं क्वचितच घडतं.

युद्धानंतर श्राडर यांच्या मूळ हेतूला पुन्हा दिवस आले. टाबूनचीच, पण माणसाला त्यामानाने कमी घातक भावंडं जगभरच्या शेतांत उतरली: पॅराथिऑन, मॅलाथिऑन, मोनोक्रोटोफॉस. कालाबारच्या बीवरून सुचलेली कार्बामेट कीटकनाशकं वेगळी; भोपाळच्या कारखान्यात बनत होतं ते कार्बारिल त्या घराण्यातलं. किड्याच्या आणि माणसाच्या शरीरात निरोप पुसणारं एन्झाइम जवळपास एकच असल्याने फवारणाऱ्याला धोका राहतोच. 2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसं दगावली. शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. अशा रुग्णाच्या तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत खुळखुळ, बाहुली बारीक, नाडी मंद, स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. वरवर वेगवेगळी दिसणारी ही लक्षणं म्हणजे एकच गोष्ट: हजारो ठिकाणी पोचलेला निरोप पुसला जात नाही.

यावर ॲट्रोपिन चालतं. बेलाडोनातलं हे द्रव्य आपल्या धोत्र्यातही असतं. निरोप जिथे उतरतो ती जागा ते हृदयात आणि ग्रंथींत अडवून धरतं. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर एकामागून एक मात्रा देत राहतात. स्नायूंच्या लुळेपणावर त्याचा इलाज नाही. त्यासाठी जखडलेलं एन्झाइम सोडवणारं प्रालिडॉक्सिम, रुग्णालयांच्या भाषेत ‘पाम’, 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तयार झालं. ते किती आणि कसं द्यावं यावर अजून एकमत नाही. बारामतीच्या गिरिराज रुग्णालयात 200 रुग्णांवर झालेली चाचणी 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली: सतत थेंबाथेंबाने दिलेल्या गटात शंभरात एक दगावला, तुटक मात्रा दिलेल्या गटात आठ. श्रीलंकेतल्या नंतरच्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. कोकणातल्या लाल विंचवाची तऱ्हा उलटी. त्याचं विष पुसणाऱ्याला हात लावत नाही, निरोप पाठवणंच थांबू देत नाही. सिम्पथेटिक तंतू अनावर होतात आणि हृदय थकून जातं. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी 1980 च्या दशकात त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपाय रूढ केला, आणि पूर्वी दर दहांत तीन-चार जणांचा जीव घेणारा हा दंश क्वचितच प्राणघातक उरला.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना एवढंच सांगणं. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते औषध सर्वांत जहाल गटातलं. फवारताना तोंड आणि अंग झाकलेलं असू द्या, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका. कोणाला घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही सुरू झालं तर भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा. जाताना औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचं लेबल सोबत न्या. सगळीच कीटकनाशकं निरोप पुसणाऱ्या एन्झाइमला जखडणारी नसतात, आणि सगळ्यांवर ॲट्रोपिन लागू पडत नाही.